क्रूझला निघालात? आधी बंदरं मोजा, सुया नंतर

आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत कुठंच समुद्र नाही, २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेवरून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं होतं, आणि आता त्याच लातूरमधे माझ्या मेडिकलच्या काउंटरवर लोक मोबाईलमधलं क्रूझचं बुकिंग दाखवून विचारायलेत की "याच्यासाठी कोणती सुई घ्यावी लागती हो?" मला खरं सांगतो लई भारी वाटतं. पण दरवेळी तेच तेच सांगून घसा बसायलाय म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो. मी औषध विकणारा माणूस आहे, डॉक्टर नाही. सुई द्यायची का नाही हे तुमचे डॉक्टरच ठरवणार, पण त्यांच्याकडं जाताना काय विचारायचं आणि काय कागद घेऊन जायचं एवढं माहीत असलं तरी अर्धं काम होतं.

या हिवाळ्यात दोन जण आले माझ्याकडं, त्यांच्यावरूनच सांगतो, म्हणजे सोपं जाईल.

पहिले आमच्या गल्लीतले रिटायर्ड गुरुजी, वय ६७, सोबत काकू. मुलगा अमेरिकेत, त्यानं दोघांना बोलावलं आणि तिथून मायामीवरून कॅरिबियनची दहा दिवसांची क्रूझ बुक केली. भाच्यानं त्यांना व्हॉट्सअपवर कुठल्यातरी अमेरिकन साईटवरची यादी पाठवली होती, त्यात अकरा लसी. गुरुजी म्हणले, "एवढ्या सुया टोचल्या तर बोटीवर चढायच्या आधीच माझी चाळणी व्हती की रे."

दुसरा बी-बियाणं आणि खताचा डीलर, वय चाळीसच्या आतबाहेर. कंपनीनं टार्गेट पूर्ण केलेल्या डीलर लोकांना सिंगापूरवरून पेनांग आणि फुकेतची क्रूझ दिली होती, मराठवाड्यातूनच पंधरावीस जण चालले होते. याला त्याच्या कुणा मित्रानं सांगितलेलं की यलो फिवरची सुई घेतल्याशिवाय विमानातच बसू देत नाहीत. बिचारा मुंबईला जायच्या तयारीत होता.

दोघांचंही उत्तर वेगळं निघालं, आणि दोघांनी जे ऐकलं होतं त्याच्या उलटं निघालं.

सगळ्यात आधी डोक्यात दोन ढीग करा. एक कागदासाठीची लस, म्हणजे जी नसली तर एखादा देश आत घेत नाही किंवा आपल्याच देशात परत आल्यावर बाजूला बसवून ठेवतात. दुसरी जीवासाठीची लस, जी कुणी विचारत नाही पण नसली तर तुम्ही केबिनमधे तापानं फणफणत पडणार आणि बाकीचे वर डेकवर फोटो काढणार. आपली माणसं पहिल्या ढिगाला घाबरतात, दुसऱ्या ढिगाकडं बघतच नाहीत.

आधी एका कागदावर बंदरं लिहा

बोट कोणती, किती मजली, त्यावर स्विमिंग पूल किती, याचा लसीशी काही संबंध नाही. बोट कुठं कुठं थांबती ते बघायचं. कॅलेंडरचं जुनं पान घ्या, मागच्या कोऱ्या बाजूला घरातून निघाल्यापासून घरी येईपर्यंतचा प्रत्येक मुक्काम लिहा, समोर तारीख. विमान जिथं बदलणार ते गाव सुद्धा लिहा, हे लोक हमखास विसरतात. आफ्रिकेतून येणारी काही स्वस्त तिकिटं नैरोबी किंवा अदिस अबाबावरून असतात, आणि केनिया आणि इथिओपिया दोन्ही भारताच्या यलो फिवरच्या यादीत आहेत, म्हणजे तिथून येणाऱ्याकडं भारत ही सुई घेतल्याचं कार्ड मागतो. विमानतळाच्या बाहेर पाऊल न टाकता फक्त विमान बदललं तर सूट मिळू शकते, पण ती इथं उतरल्यावर आरोग्य अधिकाऱ्यानं मानली तर. त्याच्या मर्जीवर कशाला राहायचं.

"आम्ही त्या बंदरावर खाली उतरणारच नाही, बोटीतच बसणार" असं पण एकानं विचारलं होतं. तसं म्हणून सुटत नाही. नियम देशाचा असतो आणि त्याच्यावर बोटीची कंपनी स्वतःचा नियम लावू शकते, म्हणून बुकिंगच्या सोबत आलेल्या मेलमधे आरोग्याचा जो भाग असतो तो पूर्ण वाचा, नाहीतर एजंटला लेखी विचारा. फोनवर "काही लागत नाही सर, बिनधास्त जा" हे उत्तर धरायचं नाही, कारण बंदरावर तो एजंट नसतो, तुम्ही असता.

गुरुजींच्या कागदावर आलं: मायामी, अरुबा, कार्ताहेना, कोलोन, लिमोन, परत मायामी. म्हणजे अरुबानंतर कोलंबिया, पनामा, कोस्टा रिका. डीलरच्या कागदावर: मुंबई, सिंगापूर, पेनांग, फुकेत, सिंगापूर, मुंबई.

मग यलो फिवर बघा, कारण कागदाचं सगळं लफडं इथंच आहे

यलो फिवर म्हणजे आपली कावीळ नाही, हे पहिल्यांदा सांगावं लागतं. हा डासातून येणारा ताप, आफ्रिकेच्या बऱ्याच देशांत आणि दक्षिण अमेरिकेत आहे. क्रूझवाल्यांच्या कामाचे देश म्हणजे ब्राझील, कोलंबिया, पनामा, इक्वेडोर, पेरू, व्हेनेझुएला, त्रिनिदाद, आणि आफ्रिकेकडून केनिया वगैरे. सिंगापूर, मलेशिया, थायलंड, श्रीलंका, मालदीव यात हा रोग नाही. तिथले देश सुद्धा यलो फिवरचं कार्ड मागतात, पण ते त्या रोगाच्या देशातून येणाऱ्यांकडून. भारतातून थेट जाणाऱ्याकडं नाही. मग आमच्या डीलरला कागदासाठी एकही सुई लागत नव्हती. मुंबईची फेरी वाचली. मुंबईवरून गोवा, कोची, लक्षद्वीपकडं जी बोट जाते तिच्यासाठी तर प्रश्नच नाही, आपल्याच देशात आहात.

आता भारत एवढा कडक का, ते ऐका. हा रोग आपल्याकडं नाही, पण त्याचा डास आहे, तोच एडिस, जो आपल्या कुलरच्या टाकीत, रांजणात, गच्चीवरच्या टायरमधे डेंग्यू वाढवतो. आपल्याकडं पाणी आठ-आठ दिवसांनी येतं म्हणून प्रत्येक घरात साठवण असते. असा एक माणूस हा विषाणू अंगात घेऊन गावात आला तर काय होईल विचार करा. म्हणून नियम असा आहे की त्या यादीतल्या देशातून निघाल्यापासून ६ दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि कार्ड नसलं तर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. हे भारतीयांना पण लागू. बोटीनं येणाऱ्यांसाठी अजून एक कलम आहे, बोट मागच्या ३० दिवसांत अशा देशाच्या बंदराला लागलेली असेल आणि नियमाप्रमाणे तिच्यावर डासांची फवारणी झाली नसेल तर तिच्यावरच्या माणसाला पण हाच नियम.

सुई एकच, आणि घेतल्यावर १० दिवसांनी कार्ड चालू होतं. आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. पूर्वी दर १० वर्षांनी परत घ्यावी लागायची, ११ जुलै २०१६ पासून कार्ड आयुष्यभर चालतं. कुणाचं जुनं कार्ड असेल, त्याच्यावर जुनी १० वर्षांची तारीख असली तरी चालतं, फेकू नका.

ही सुई माझ्या मेडिकलमधे मिळत नाही, कुठल्याच मेडिकलमधे मिळत नाही. सरकारनं ठरवून दिलेल्या केंद्रावरच घ्यायची, तिथलंच कार्ड चालतं. केंद्रांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या साईटवर आहे, जायच्या आधी बघून घ्या कारण बदलत असती. मुंबईत विमानतळ आणि बंदराच्या आरोग्य कार्यालयांत मिळते, लातूर एक्स्प्रेसनं रात्री बसलं की सकाळी सीएसएमटी. पण नांदेड, उदगीर, देगलूरकडच्या लोकांनी मुंबईचं डोक्यातून काढावं, त्यांना हैदराबाद जवळ, नारायणगुड्याला इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेन्टिव्ह मेडिसिनमधे ही लस देतात. तसंही आपल्या अर्ध्या मराठवाड्याचं हैदराबादला काही ना काही काम निघतंच.

अपॉइंटमेंट घेऊनच जा. या लसीच्या एका बाटलीत बरेच डोस असतात आणि एकदा उघडली की थोड्याच तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रवाले ठराविक वारी, ठराविक माणसं जमवून देतात. ओरिजनल पासपोर्ट सोबत. कार्डवर पासपोर्टवर आहे तसंच नाव पाहिजे, आणि इथं आपल्या लोकांचा घोळ होतो: आधारवर एक, सातबाऱ्यावर एक, पासपोर्टवर नाव आणि वडलांचं नाव एकत्र. कार्ड हातात आलं की तिथंच उभं राहून नाव, पासपोर्ट नंबर, तारीख, लसीचा बॅच नंबर, सही आणि शिक्का बघा. लातूरला आल्यावर चूक दिसली तर परत रेल्वेचं तिकीट काढा.

कुणाकुणाला ही सुई चालत नाही

गुरुजींचं घोडं इथं अडलं. यलो फिवरची लस जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची असते. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही, फारतर थोडा ताप, अंग दुखतं. पण साठीच्या पुढं पहिल्यांदाच घेणाऱ्याला गंभीर त्रासाची शक्यता, कमीच असली तरी, तरुणापेक्षा जास्त असते. म्हणून डॉक्टर तिथं तोलून बघतात, खरंच गरज आहे का. अंड्याची जोरदार अ‍ॅलर्जी, थायमस ग्रंथीचा आजार किंवा ती काढलेली, केमो चालू, मोठ्या डोसचे स्टिरॉइड, संधिवाताच्या काही गोळ्या, यांना तर साधारण नाहीच देत. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला पण विचार करूनच.

मला रोज विचारलं जातं, "शुगर आहे, बीपी आहे, चालती का?" साधी कंट्रोलमधली शुगर-बीपी या सुईला आड येत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असली तर टोचणाऱ्याला आधी सांगा, जागा जास्त वेळ दाबून धरतील, बस.

मग ज्याला घेता येत नाही त्याचं काय? डॉक्टर सूट असल्याचं पत्र देतात, पण प्रत्येक देश ते पत्र मानेलच असं नाही. गुरुजींना संधिवाताची मेथोट्रेक्सेट चालू होती, वर वय ६७. कोस्टा रिका कोलंबियाहून येणाऱ्याकडं कार्ड मागतं, आणि यांची बोट तशीच, आधी कोलंबिया मग कोस्टा रिका. मुलगा म्हणला पत्र घेऊन बघू. मी म्हणलं, गुरुजी, सुई आणि पत्र दोन्हीपेक्षा सोपा रस्ता हाय, रूट बदला. कोझुमेल, जमैका, केमन आयलंडला जाणाऱ्या बोटी पण मायामीवरूनच निघतात, त्यात यलो फिवरचा एकही देश नाही, समुद्र तोच निळा. मुलानं थोडा फरक भरून तारीख आणि रूट बदलला. काकू लगेच म्हणल्या, "मला तर पहिल्यापासूनच जमैका बघायचं होतं." खरं खोटं त्यांनाच माहीत.

अजून एक बारीक गोष्ट, ज्यांना यादीतल्या देशातून जाऊन पुढं अमेरिकेत महिनाभर लेकीकडं राहायचंय त्यांच्यासाठी. भारताची अट ६ दिवसांची आहे. त्या देशातून निघून ६ दिवस दुसरीकडं झाले की भारतात उतरताना तो प्रश्न राहत नाही. पण मधल्या देशांचं काय ते तरी बघावंच लागतं. म्हणूनच म्हणतो, बंदरासमोर तारीख लिहा.

आता जीवासाठीच्या लसी, आणि इथं परदेशी यादी उलटी वाचायची

भाच्यानं पाठवलेल्या यादीत पहिल्या दोन लसी होत्या हिपॅटायटिस ए (घाण पाण्यातून होणारी कावीळ) आणि टायफॉइड. ती यादी त्या गोऱ्या लोकांसाठी आहे ज्यांनी आयुष्यात कधी असलं पाणी प्यायलं नाही. आपण हिरीचं, आडाचं, टँकरचं, जत्रेतल्या सरबताचं, सगळं प्यालेलो. गुरुजींच्या वयाच्या, खेड्यात वाढलेल्या माणसाला हिपॅटायटिस ए बहुतेक लहानपणीच होऊन गेलेला असतो, कधी कळलं पण नसतं. एकदा झाला की जन्मभर संरक्षण. म्हणून साठीच्या माणसाला सरळ महागाची लस द्यायच्या आधी रक्तात त्याची अँटीबॉडी, हिपॅटायटिस एची आयजीजी, बघायला डॉक्टरांना विचारा. पॉझिटिव्ह आली तर पैसे वाचले.

आता त्याच्या उलटं: डीलरची पोरं. आरओचं पाणी, बाटलीचं पाणी, शाळेत पण फिल्टर. यांना तो रोग झालेला नसण्याची शक्यता जास्त आणि मोठेपणी झाला तर जास्त आडवं करतो. त्यांना लस द्यायला अर्थ आहे. नेहमीच्या लसीचे दोन डोस असतात, सहा महिन्यांच्या अंतरानं, पण निघायच्या आधी पहिला डोस झाला तरी प्रवासापुरतं चांगलं काम होतं, दुसरा आल्यावर. मुलांचा डोस आणि मोठ्यांचा डोस वेगळा असतो, एका कंपनीच्या लसीत ७२० आणि १४४० असे आकडे असतात, खोका घेताना वय सांगूनच घ्या.

टायफॉइड तर आपल्याला बोटीपेक्षा घरीच जास्त होतो, लातूरच्या कुठल्याही लॅबमधे पावसाळ्यात जाऊन बघा. म्हणून ही लस क्रूझच्या निमित्तानं का होईना घेऊन टाकली तर वाया जात नाही. नवीन कॉन्जुगेट लस एका डोसची आणि जास्त टिकती, जुनी साधी लस घेतली असेल तर तीनेक वर्षांनी परत लागते. किमान दोन आठवडे आधी.

परदेशी यादीत फ्लू सहाव्या नंबरवर होता, मी त्याला पहिल्यावर आणतो. बोट म्हणजे काय, दोन-चार हजार माणसं, बंद एसी, एकच लिफ्ट, एकच बुफे, एकाच थिएटरात शेजारी शेजारी, आणि त्यात जगभरातून आलेली माणसं आपापला खोकला घेऊन. फ्लू अशा जागी पसरणार नाही तर कुठं पसरणार? आपल्याकडं फ्लूची लस कुणी घेत नाही, "सर्दीची काय लस घ्यायची" म्हणतात. पण साठीच्या पुढं, दमा, शुगर, हृदयाचं काही असेल तर हीच सगळ्यात कामाची. दरवर्षी नवीन येते, मागच्या वर्षी घेतली होती हे चालत नाही, आणि अंगात काम करायला दोन आठवडे लागतात. वयस्कर माणसांनी त्याच वेळी न्यूमोनियाच्या लसीचं पण डॉक्टरांना विचारून घ्यावं.

गोवर. हा पण बंद जागेत वाऱ्यासारखा पसरतो. ज्यांना लहानपणी गोवर निघून गेला त्यांना चिंता नाही, गुरुजींच्या पिढीला सगळ्यांना निघालेला. शाळेत २०१८ च्या मोहिमेत ज्या पोरांना गोवर-रुबेलाची सुई टोचली त्यांचं कार्ड शोधा. मधली जी पिढी आहे, तीस-चाळीसची, त्यांना लहानपणी एकच डोस झालेला असतो किंवा आईला आठवत नसतं. अशांनी एमएमआरचं (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) विचारावं, दोन डोस लागले तर मधे २८ दिवस. कांजिण्यांचं पण तसंच, झाल्या असतील तर विषय संपला.

धनुर्वात आणि घटसर्पाचा टीडी बूस्टर दहा वर्षांत झाला नसेल तर घ्या, स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात पण विचारा. शेतकऱ्याला आणि ड्रायव्हरला बहुतेक काही लागून झालेला असतो. हिपॅटायटिस बी घेतली नसेल आणि वेळ असेल तर ०, १, ६ महिन्यांनी असे तीन डोस (० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), घाई असेल तर ०, ७, २१ दिवसांनी आणि मग वर्षानं चौथा, असा पण एक रस्ता आहे.

आता यादीतलं काय खोडायचं. जपानी मेंदूज्वर: खेड्यात, भातशेतीच्या भागात महिनाभर राहणाऱ्याला. दिवसभर फुकेतच्या मार्केटमधे फिरून संध्याकाळी बोटीत परत येणाऱ्याला सहसा नाही. मेनिंजायटिस: हज-उमऱ्याला जाणाऱ्यांना बंधनकारक असते, आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी ती घेतलेली असते, पण क्रूझला नाही लागत. कॉलरा: नाही. रेबीजची आगाऊ लस साध्या क्रूझला नाही लागत, पण थायलंड, बालीला माकडांना शेंगदाणे खाऊ घालायची हौस असेल तर ती हौस इथंच ठेवून जा. चावलं किंवा ओरबाडलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना, बोट सुटली तर सुटली.

कधी काय

दोन महिने आधी बंदरांचा कागद आणि घरातली सगळी जुनी लसीची कार्डं काढायची. बहुतेक ती शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या प्लास्टिक पिशवीत असतात. सहा आठवडे आधी डॉक्टर. यलो फिवर लागत असेल तर त्याच आठवड्यात अपॉइंटमेंट, दहा दिवसांचं गणित आहेच पण तारीख मिळायला पण वेळ लागतो. एमएमआर, कांजिण्या आणि यलो फिवर या तिन्ही जिवंत लसी, त्या एकतर एकाच दिवशी घ्यायच्या नाहीतर मधे किमान चार आठवडे ठेवायचे, म्हणून आधी डॉक्टरांना सगळी यादी दाखवा, एकेक करून घेत बसू नका. बाकीच्या लसी एकाच दिवशी दोन्ही दंडांत घेतल्या तरी चालतं, माणूस म्हणतो ताकद जाईल, तसं काही नसतं. दोन-तीन आठवडे आधीपर्यंत फ्लू, टायफॉइड उरकलेलं पाहिजे.

उशीर झालाय, आठ दिवसांवर प्रवास आलाय, तरी डॉक्टरकडं जाच. हिपॅटायटिस ए आणि टीडी उशिरा घेतली तरी काही ना काही फायदा होतोच.

मेडिकलमधून लस घेतली तर ती डॉक्टरपर्यंत जिवंत न्या

हे कुणी लिहीत नाही म्हणून मी सविस्तर लिहितो. लस २ ते ८ डिग्रीत ठेवायची असते. आपल्याकडं एप्रिल-मेमधे ४२ डिग्री, आणि लोक काय करतात, खोका स्कूटीच्या डिकीत टाकून आधी भाजी घ्यायला जातात. असं नका करू. मेडिकलवाल्याकडून बर्फाच्या पॅकसोबत, पण पॅक कागदात किंवा कापडात गुंडाळून, डबा घ्या आणि सरळ दवाखाना गाठा. डॉक्टर बसलेत का ते आधी फोनवर विचारा.

आणि उलटी चूक त्याहून वाईट. माझ्याकडून एका कापडवाल्या मामांनी दोन्ही पोरांसाठी हिपॅटायटिस एच्या दोन भरलेल्या सिरिंज नेल्या, गेले तर दवाखाना बंद, रविवार होता. घरी नेऊन त्यांनी त्या फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या खणात ठेवल्या. जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं, असा सरळ हिशोब. सोमवारी माझ्याकडं आले, "बघ बरं, ह्याला काय झालंय." नेहमी ही लस हलवली की ताकासारखी सगळीकडं सारखी पांढरी दिसते. यात खाली दाणे दाणे बसलेले आणि वर स्वच्छ पाणी, हलवलं तरी परत पटकन खाली. गोठली होती, कामातून गेली. दोन्ही टाकून दिल्या. मामांचं काही चुकलं नाही खरं तर, खालच्या खणात मधल्या फळीवर ठेवा, दारात नको, हे मी सांगायला पाहिजे होतं, नाही सांगितलं. एका सिरिंजचे पैसे मी सोसले. तेव्हापासून खोक्यावर मोठ्या पेननं "बर्फात नाही" लिहून देतो.

बिल आणि बॅच नंबरचं स्टिकर जपून ठेवा, डॉक्टरांना कार्डवर चिकटवून सही मागा.

ज्याला सुईच नाही

बोटीवर सगळ्यात बदनाम आजार म्हणजे नोरोव्हायरस, उलट्या-जुलाब, एका माणसाकडून अख्ख्या मजल्याला. त्याला लस नाही, आणि खिशातलं सॅनिटायझर त्याच्यावर फारसं चालत नाही, साबण आणि पाणीच लागतं. बुफेच्या आधी नीट वीस सेकंद धुवा. आपण हातानं जेवणारी माणसं, आपल्याला तर दुप्पट लागू. ओआरएसची पाकिटं इथूनच न्या, तिथं बोटीच्या दवाखान्याचं बिल डॉलरमधे येतं. उलट्या लागल्या तर लपवू नका, बोटीच्या डॉक्टरला सांगा.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि तुम्ही बंदरावर उतरता पण दिवसाच, म्हणजे त्याची आणि तुमची वेळ एकच. फुल बाह्या, डीईईटी असलेलं क्रीम २० ते ३० टक्केवालं, आधी सनस्क्रीन मग हे. मलेरियाचा डास रात्रीचा, तेव्हा बोट बहुतेक समुद्रात असते, म्हणून नुसत्या दिवसाच्या थांब्यांना गोळ्या लागतातच असं नाही, पण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर रात्रीचा मुक्काम असेल तर डॉक्टर लिहून देतील. डॉक्सीसायक्लिन निघायच्या एक-दोन दिवस आधी चालू आणि आल्यावर चार आठवडे घ्यायची, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल आल्यावर सात दिवस. लोक गोळ्या घरी आल्या आल्या बंद करतात, आणि उरलेलं पाकीट परत घ्या म्हणून माझ्याकडंच आणतात. घेत नसतो मी.

आल्यावर ताप आला, महिन्यानं आला तरी, डॉक्टरला कुठं कुठं गेलो होतो ते स्वतःहून सांगायचं. इथं डॉक्टर सगळ्यात आधी टायफॉइडच धरतात.

डीलर शेवटी फ्लू आणि टायफॉइड घेऊन गेला, टीडी त्याचा दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरचा पत्रा लागला तेव्हा झालेला. आल्यावर सांगत होता, सोबतच्या तिघांना बोटीत ताप-खोकला, केबिनच्या बाहेर नाही निघाले. गुरुजींची आयजीजी पॉझिटिव्ह आली, म्हणजे हिपॅटायटिस ए नको. फ्लू, न्यूमोनिया आणि टीडी, तीनच सुया. भाच्याच्या अकरावर त्यांनी माझ्या काउंटरवरच्या पेननं काट मारली आणि तो कागद घडी करून पासपोर्टमधे ठेवला, म्हणले, "विमानात भाच्याला फोटो पाठवतो."